हमरस्त्यावरचं घर

...नाही, पण मी म्हणतो, मरायलासुद्धा हमरस्ताच हवा होता का आमच्या बाबांना? तुम्हाला सांगतो, ताश्कंदमध्ये घरं काय कमी आहेत? पण नाही! ही नऊ मजली इमारत, समोर सगळी काँक्रीटची जाळी, सोव्हिएत काळात बाबांनी स्वतःच्या हातानं बसवलेली... आल्यागेल्याला गॅलरीत ओढायचे, "बघ, माझी जाळी!" वारा येत नाही, लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, पण हमरस्त्यावरचं घर ना!

तर बाबा गेले सकाळी. आमच्यात सूर्य मावळायच्या आत दफन व्हायला हवं. मी, धाकटा भाऊ सोबिर, काका, सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे चापान चढवले, आमचे ते लांब अंगरखे हो, कमरेला शेला आवळला, डोक्यावर टोपी, आणि खाली दारात रांगेनं उभे राहून रडतोय, "अहो बाबा, कुठं गेलात!"... एवढ्यात पोलिसांच्या शिट्ट्या! रस्ता बंद! म्हणे परदेशी पाहुणे येणार, खिडक्या मिटा, वाळत घातलेलं काढा! मागून न्यावं, तर मागं गॅरेजांची भिंत. आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कार्यक्रमवाला धावत आला, आम्हाला बघून खूश! "वा वा, पारंपरिक पोशाख! स्वागताला कुठल्या कारखान्यानं पाठवलं तुम्हाला?" अन् हातात एकेक झेंडा!

म्हटलं, "साहेब, आमचे वडील वारलेत. वर आहेत."

तर म्हणतो कसा, "वर आहेत ना? मग राहू द्या. फक्त खिडकीत येऊ देऊ नका."

काकांनी हंबरडा फोडला, तर "आजोबा, डोळ्यांत पाणी चालेल, आनंदाचं वाटेल, पण आवाज नको!"

राहिलो उभे. ऊन कललं... गाड्या आल्या, काळ्या काचा, सूंऽऽ, गेल्या. आमच्या काकांनी तर चक्क हात हलवला! सवय हो, जन्मभराची! रस्ता उघडेपर्यंत सूर्य बुडाला होता. आई बाबांच्या उशाशी बसून त्यांची माफी मागत होती, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या जाळीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. त्यात टीव्हीवर आम्हीच! "आनंदित नागरिक"! आत्याचा फोन, "बाप घरात पडलाय आणि झेंडे नाचवतोस, मेल्या?" काय सांगू तिला? हमरस्त्यावरचं घर ना!

आता परवा तोच कार्यक्रमवाला दारात. "पुन्हा पाहुणे येताहेत. गेल्या खेपेला काय सुरेख उभे होतात! या गुरुवारी तुमच्याकडे कोणी... म्हणजे जायच्या बेतात आहे का?"

म्हटलं, काका खोकताहेत, पण शब्द देत नाही.