घोटा आणि सोनार

…आणि वर डॉक्टर मलाच सांगत होते, "हळू चाला!" अहो, घोट्याचा फणस झालेला, मी हळू नाही तर काय दुडक्या चालीनं येणार? पण तुम्हाला सांगतो, घोटा माझा, पण मला विचारतो कोण!

झालं काय, अठ्ठ्याहत्तर साली बँकेनं बदली केली कलकत्त्याला. बिऱ्हाड बालीगंजला. आणि तिथली माणसं चालत्या ट्राममधून अशी उतरतात… जणू देठावरून फूल गळालं! एका हातात धोतराचा सोगा, तोंडात पान, पाय जमिनीला लागला की स्वारी चालू! मला वाटलं, ह्यात काय आहे? कंडक्टर ओरडतोय, "दादा, पोडे जाबेन! पोडे जाबेन!" मला कुठलं बंगाली? तो म्हणत होता 'पडाल', मला वाटलं, कौतुक करतोय! मारली उडी. फूल कसलं हो… नारळ पडला, नारळ!

टाचेच्या वर काहीतरी कट्कन वाजलं. एक्स-रे काढला, हाडं शाबूत. पण सर्जन दाबून बघतायत, मी कोकलतोय, आणि ते सांगतायत कुणाला? कालिंदीला, म्हणजे आमच्या हिला! "टाचेमागची दोरी तुटली असेल, तर कापावं लागेल." कापावं? माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि ही शांतपणे विचारते, "कधी?" बघा! घोटा माझा, पण मला विचारतो कोण!

"त्याच्या आधी डॉक्टर लाहिरींकडे सोनार करा," सर्जन म्हणाले. ही चमकली. "अहो, घोट्याचं सोनाराकडे काय काम? पैंजण घडवायचेत का?" मग कळलं, सोनार म्हणजे नवीन यंत्र. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज आत सोडायचा, तो आतून आपटून परत आला की त्याचं चित्र उमटतं. समुद्रात पाणबुड्या शोधतात ना, तसंच. म्हटलं, माझ्या घोट्यात पाणबुडी नाहीये हो! पण ऐकतो कोण?

बरं, हे यंत्र आणलेलं कशाला? तर पोटातली बाळं बघायला! बाकभर अवघडलेल्या बायका, आणि मधोमध मी, पाय लांब करून! नर्स मान वर न करता विचारते, "कितना महीना?" मी आपला खरं बोललो, "परसों से!" शेजारची बाई पदरात तोंड खुपसून अशी हसली, अशी हसली, की मला तिचीच काळजी वाटायला लागली.

आम्ही दोघं आत गेलो, तर लाहिरींनी माझा पाय घातला गार पाण्याच्या टबात. का? तर म्हणे पाण्यातून आवाज नीट जातो! पडद्यावर करडं धुकं. मला काही दिसेना, डॉक्टर मात्र हरखले! "आहा, की शुंदोर! ये देखो हड्डी… ये दोरी… पाँव थोडा ऊपर… देखो, कैसा सरकता है!" बाहेरचे चार विद्यार्थी बोलावले, सगळे पडद्याला नाक लावून उभे. "डॉक्टर, तुटलीय का हो?" "आः! हिलिए मत!" घोटा माझा, पण मला विचारतो कोण! शेवटी ते वळले, चष्मा वर केला, म्हणाले, "तो दोरी…"

आणि गेले दिवे! लोडशेडिंग!

काळाकुट्ट अंधार, पाय पाण्यात, आणि डोळ्यांसमोर सुरी. खरं सांगतो, हसू पार मावळलं. जन्मभर लंगडलो तर? तेवढ्यात कुणीतरी माझा हात घट्ट धरला. कालिंदी. तिचा हात माझ्याहून गार. "मीसुद्धा घाबरलेय हो," ती म्हणाली, "तुमच्यासमोर दाखवत नव्हते एवढंच." मी तो हात चोळत बसलो.

दिवे आले. लाहिरींनी पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहराच पडला. "दोरी तो एकदम ठीक है. मामूली मोच. टूटा होता तो कॉन्फरन्स में दिखाते…" इतके हिरमुसले बिचारे, की मी, तुम्हाला सांगतो, मी चक्क "सॉरी, डॉक्टर" म्हणालो!

सूज उतरल्यावर दाखवायला गेलो, तर लाहिरींच्या भिंतीवर माझ्या घोट्याचा तो सोनारचा फोटो! विद्यार्थ्यांसाठी लावलेला. छाती फुगली हो. नर्सला विचारलं, खाली इंग्रजीत काय लिहिलंय एवढं बारीक? तिनं वाचून दाखवलं, "पुरुष, मध्यमवयीन. सर्वसामान्य. विशेष काही आढळलं नाही."

वडिलांना, साहेबांना, हिला… जन्मभर पटवत आलो की मी काही असा-तसा माणूस नाही. आता कुठल्या तोंडानं वाद घालू? आतून बघून लिहिलंय त्यांनी!