विसावलेला घोडा

(माथेरानच्या पायथ्याचं चौक गाव. जुन्या हायवेच्या मागे पत्र्याची घोड्याची शेड. माथेरानला घोडी फिरवणारा लियाकत आणि त्याची मुलगी इक्रा. थोड्या वेळाने टेंपोवाला चंदर येतो.)

इक्रा : पण सहा नंबरच का, अब्बा?

लियाकत : कारण तो मागच्या दोन शर्यतींत नव्हता. विसावलाय. हा तीन नंबर बघ, आत्ता जीव तोडून पहिला आला आणि लगेच परत उभा केलाय त्याला. पळेल का तो?

इक्रा : पळेल.

लियाकत : तू कधी घोडा फिरवलायस? दस्तुरी नाक्यापासून वर एक फेरी झाली की मी सबाला लगेच दुसरं गिऱ्हाईक देत नाय. बाकीचे देतात. त्यांच्या घोड्यांचे गुडघे बघ जाऊन.

इक्रा : सबाला गुडघे आहेत. या मोबाइलमधल्याला नाहीत.

लियाकत : मग मला दिसतं काय? चार काठ्या?

इक्रा : चित्र दिसतं. कॉम्प्युटर आधी आकडा काढतो. कोण जिंकणार ते तिथेच ठरतं, आणि मग त्या निकालाचं चित्र दाखवतात. तुम्ही घोडा पळताना बघता तेव्हा शर्यत होऊन गेलेली असते.

लियाकत : असं असतं तर नावापुढं मागचे निकाल कशाला दिले असते? पाठीवरचं वजन देतात. मैदान ओलं का कोरडं तेपण देतात. उगाच?

इक्रा : तुमच्यासाठी देतात.

लियाकत : म्हंजे?

इक्रा : ज्याला घोडा कळतो, त्याला वाचायला काहीतरी लागतं ना. मी तपासलंय, अब्बा. तुम्हीच म्हणालात, 'तुझी ती स्टॅटिस्टिक्सची डिग्री लाव कामाला', म्हणून आठवडाभर बसले. नुकता जिंकलेला पुढच्या शर्यतीत कमी जिंकतो का? नाही. विसावलेला जास्त जिंकतो का? नाही. ओल्यात जास्त वजनाचा मागे पडतो का? तेही नाही.

लियाकत : आठवड्यात घोडा कळतो होय? मला सबा कळायला दोन पावसाळे गेले.

इक्रा : कळायला तिथे कुणी नाहीच आहे!

लियाकत : मग परवा सात नंबर आला तो? मी सांगितला होता का नाय?

इक्रा : आठांपैकी एक येणारच. आणि जे आले नाहीत ते?

लियाकत : त्यात माझी चूक. घाई झाली. कान बघायला पायजे होते.

इक्रा : कान?

लियाकत : पळायच्या आधी गोल फिरवतात ना, तवा कान बघायचे. मागं दाबलेले असले तर समजायचं, ह्याच्या मनात नाय.

इक्रा : मी ते हळू करून पाहिलं. आठही घोड्यांचे कान एकाच वेळी हलतात, अब्बा. शेपट्यासुद्धा.

लियाकत : हलू देत. तू बाजूला हो जरा, उजेड अडवू नकोस. लावतो सहावर.

इक्रा : द्या तो फोन. ते ॲपच काढून टाकते.

लियाकत : आज नको. आजचा दिवस राहू दे, पोरी.

इक्रा : आज काय आहे?

चंदर : ओ लियाकतभाई! टेंपो मागं घेऊ का हितंच लावू? अन् घोडी कुटं हाय?

इक्रा : कसला टेंपो, चंदरकाका?

चंदर : आता गं! तुला म्हाईत नाय? आमच्या सहदेवशेठनं सबा घेतली ना, कर्जतला, वरातीसाटी. तुज्या बापानं सांगितलं नाय व्हय?

इक्रा : अब्बा, नाल बदलायला खाली आणली म्हणालात तिला.

लियाकत : बदललीच की. जुन्या नालेवर कशी पाठवू?

इक्रा : बयाणा परत करू. माझा पगार होईल आता. काका, तुम्ही शेठना एवढं सांगा...

लियाकत : बयाणा नाय. सगळे घेतलेत.

इक्रा : कुठे आहेत ते?

लियाकत : आहेत.

इक्रा : कुठे, अब्बा? यात?

लियाकत : गेले नायत. अडकलेत नुसते. तूच शिकवलंस ना मला, लांबवर खेळलं की सरासरी जागेवर येते? मी लांबवरच खेळतोय.

इक्रा : मी नाणं उडवण्याबद्दल बोलत होते. सरासरी जागेवर येते, गेलेलं परत येत नाही. आणि इथे तर ती सरासरीच तुमच्या विरुद्ध बसवलेली आहे. जिंकल्यावर जो भाव देतात, त्यातच त्यांचा नफा कापलेला असतो!

लियाकत : तुझं इंग्रजी शिक्षण मला नाय कळत.

इक्रा : काका, चार दिवस तरी थांबा.

चंदर : ताई, मी डायवर माणूस. शेठनं सगळीकडं सांगून ठेवलंय, पांढरी घोडी आलीय म्हणून. रिकामा गेलो तर नवरदेवाखाली मलाच उभा करंल.

इक्रा : साधा फटाका वाजला तरी ती थरथरते. वरातीत डीजे असतो.

चंदर : कानात कापूस घालतो आमी.

लियाकत : आधी डाव्या कानात घाल. उजव्याला एकदम हात लावू देत नाय ती.

इक्रा : अब्बा!

लियाकत : थांब गं. सहा नंबरवर लावलंय. ही शर्यत आली की बघू.

इक्रा : किती लावलंय?

लियाकत : उरलं होतं तेवढं.

इक्रा : आणि आला सहा नंबर, तर सबा सुटते का त्यात?

लियाकत : एकदा लय लागली की सुटंल.

चंदर : लियाकतभाई, या इकडं जरा. टेंपोच्या फळीवर पाय ठेवत नाय ही. मगापासनं वडतोय.

लियाकत : वढू नको तिला! सोड. आलो मी. इक्रा, फोन धर, बंद करू नकोस. चल गं सबा. चल, माझी बाय. हे बघ, मी चढलो. आता तू. हां, अशी. मागचा पाय. अशी.

चंदर : बघा. माज्यासंगं एक पाऊल टाकत नव्हती.

लियाकत : इक्रा, सुटली का?

इक्रा : अब्बा, तुम्ही तिला घेऊन खाली उतरा.

लियाकत : शर्यत सुटली का, विचारतोय.

इक्रा : सुटली.

लियाकत : सहा कुठं हाय?

इक्रा : शेवटून दुसरा.

लियाकत : असू दे. वळणावर येईल. दम राखून पळतोय तो. आता?

इक्रा : मधे.

लियाकत : आता? इक्रा? बोल की गं. कोण आला?

इक्रा : सहा.

लियाकत : पहिला?

इक्रा : पहिला.

लियाकत : बघ! काय सांगत होतो तुला? विसावला होता तो!

चंदर : आरं वा! मंग काय, उतरवू का हिला खाली?

लियाकत : नाय रं. तेवढं नाय झालं. पण आता हात बसला. कसं खेळायचं ते कळलं. इक्रा, आण फोन, पुढची लागतेय.

इक्रा : दोर तुमच्याच हातात आहे अजून, अब्बा.

लियाकत : हां. धर, चंदर. आणि गेल्या गेल्या कामाला लावू नका रं तिला. कालच डोंगर उतरलीय. दोन दिवस विसावू दे.