नानासोंनी पास केलेली गाडी

—न्हाई सर, मी येत न्हाई. आवं बसा की, उभं कशापायी ऱ्हायलाय, ती खुर्ची घ्या, पंख्याखाली घ्या. राग मानू नका. तुमी पलूसवरनं उन्हाचं फटफटी मारत आलाय आन मी दारातच न्हाई म्हणतोय, बरं दिसत न्हाई ते — पण न्हाई. दुसऱ्याची गाडी बघायला जाणं मी सोडलं. दीड वरीस झालं. परवा लालासाहेब आल्ता, त्येच्या जावयाला जीप घ्यायचीया, त्येला म्हणलं गुडघं धरल्यात. धरलं न्हाईत. तुमाला आपलं खरं सांगतो.

कुणी धाडलं म्हणला? पल्लवीनं? आमच्या शेजारच्या पल्लवीनं? — हां, म्हंजी तुमी तिच्याच शाळंत. एकाच स्टाफरूममधी बसता व्हय. काय म्हणाली ती, जसंच्या तसं सांगा बरं. "नानासो काकांना संगं न्या, मिलटरीत गाड्यांवर हुते, त्यांनी बघितल्याबिगर घिऊ नका." आसं म्हणाली. हसत म्हणाली का सरळ म्हणाली — न्हाई, ऱ्हाऊ द्या. सरळच म्हणाली असंल.

पयलीच गाडी न्हवं तुमची? घरात आजवर कुणाकडं चारचाकी न्हाई. मंग आसं करा, मला न्हिऊन काय हुणार न्हाई, मी सांगतो ते ध्यानात ठेवा. सकाळचं जावा, आन आधी फोन करू नका. फोन केला की ती लोकं इंजान गरम करून ठेवत्यात, थंड इंजान काय बोलतंय ते आपल्याला कळत न्हाई. इन्शुरन्सचा क्लेम कवा कवा झालाय ते इचारा, कागूद दाखवा म्हणा. शिटाचा पट्टा वढा, पार शेवटपत्तोर वढा — वरचा भाग समदे धुत्यात, आतल्या टोकाला पाण्याची रेघ तशीच ऱ्हाती. डिकीतलं जादा चाक काढा आन त्या खड्ड्यात हात घाला. आन पायाखालचं मॅट उचला. त्यो म्हणंल, सर चिकटवलंय, फाटंल. फाटू द्या. मॅट उचलल्याबिगर माघारी फिरू नका. आन संगतीचं कोण म्हणालं, ऱ्हाऊ दे, कशाला उचलतोयस, तर त्येचं ऐकायचं न्हाई. किती का मोठा माणूस आसंना, मिलटरीचा आसंना, त्येचं ऐकायचंच न्हाई.

—आवाज चढला व्हय माझा. चढला असंल.

मॅटचं काय एवढं? आवं, एकोणीसच्या पुरात सांगलीत गाड्या छतापत्तोर बुडाल्या हुत्या, तुमी बघितलंच असंल. पाणी वसरल्यावर त्या कुठं गेल्या? भंगारात गेल्या थोड्या. बाकीच्या धुतल्या, वाळवल्या, शिटं बदलली, अत्तर मारलं आन इकल्या. इंजान चालतंय की. पर आत वायरी आसत्यात, बारीक बारीक जोड आसत्यात, त्येला आतनं गंज धरतोय, वरीस, दोन वरीस — आन एक दिवस चालती गाडी बंद पडती. दिवं न्हाईत, हॉर्न न्हाई, स्टेरिंग दगडासारखं.

व्हय. पल्लवीची तशीच पडली. तुमाला तिनं काय सांगितलं? उंदरांनी वायरी खाल्ल्या. हां. तिला तसंच वाटतंय. तसंच सांगितलंय तिला — कुणी म्हंजी, मीच सांगितलंय.

चहा घेणार का? न्हाई तसं न्हवं, घरात कोण न्हाई, आमची मंडळी, सुलाबाई, बाजारला गेलीया, पर चहा मी करतो की. तुमी माझ्याकडं आसं का बघताय — बाप्यानं चहा केला म्हणून? सर, मी तीनशे माणसांचा चहा केलाय. रोज. सतरा वरसं.

आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐका. मी ड्रायव्हर न्हवतो. सप्लाय कोरमधी हुतो हे खरं, त्यात काय खोटं न्हाई. तितं गाड्याबी आसत्यात आन लंगरबी आसतोय — लंगर म्हंजी जवानांचं सैपाकघर. मी लंगरात हुतो. चपात्या, डाळ, हिवाळ्यात हलवा. वाईट काम न्हाई ते, उपाशी पलटण काय कामाची. पर पयल्या सुट्टीला आलो तवा सोयरीक बघायला लोकं बसलीती, आन आमच्या चुलत्यानं परस्पर सांगितलं, पोरगा सप्लाय कोरमधी गाड्यांवर हाय. समदी माझ्याकडं बघाय लागली. म्या न्हाई म्हणालो न्हाई. एवढंच. व्हय बी म्हणालो न्हाई, न्हाई बी म्हणालो न्हाई. तवापास्नं मी गाड्यांवर. लगीन झालं, पोरं झाली, पेन्शन आली, आन आजपत्तोर घरात मी पोळपाट हातात धरला न्हाई, सर. बायको तापानं पडली तरी शेजारणीला बलवलं. कणीक मळाय घेतली आसती तर हातानं बोलून टाकलं आसतं.

मंग माघारी आल्यावर कऱ्हाडला जाऊन गुमान लायसन काढलं. चालवाय शिकलो. आन एक दिवस ह्यो लालासाहेबच म्हणाला, नानासो, एक जुनी जीप बघितलीया, तू जरा नजर टाक. गेलो. बॉनेट उघडलं, आत बघितलं, काय कळंना, पर मान हलवली — घ्या म्हणलं. ती जीप अकरा वरसं चालली. त्यात माझं काय हुतं? काय न्हाई. पर गावात झालं की नानासोंनी पास केलेली गाडी म्हंजी डोळं झाकून घ्यायची. मंग ह्यो बलवतोय, त्यो बलवतोय. पुढच्या शिटावर बसवून न्ह्यायचं, मिसळ खाऊ घालायची. बरं वाटतंय वो सर. खोटं कशाला बोलू. चांगल्या लागल्या त्यांनी नाव काढलं, वाईट लागल्या ते लाजंनं गप बसलं.

पल्लवीचा बा लवकर गेला. ही एकटी पोरगी आन आई — रंगूबाई. रंगूबाईच्या किडन्या गेल्या, आठवड्यातनं दोनदा सांगलीला न्हिऊन रगात धुऊन आणायचं. एसटीनं. येताना ती म्हातारी शिटावर बसायची न्हाई, नुसती लोंबायची. म्हणून पोरीनं गाडी घ्यायची ठरवली. नवी परवडत न्हवती. माझ्याकडं आली, म्हणाली, काका, माझी पयलीच गाडी, मला कायबी कळत न्हाई, पर मला एकच पायजे — वाटंत बंद पडाय नगं. आसं म्हणाली. दुसरं कायबी मागितलं न्हाई.

सांगलीभाईर जुन्या गाड्यांचं एक दुकान हुतं, आता न्हाई ते. पांढरी गाडी, झ्याक. मी आपला गोल फिरलो, टायरला लाथ घातली, दार आपटून बघितलं — समदं नाटक. आन पल्लवीनं पर्समधनं फोन काढला. म्हणाली, काका, हितं लिवलंय, मॅट उचलून खाली माती हाय का बघायची, पट्टा शेवटपत्तोर वढून बघायचा. तिला ठावं हुतं सर. मी तुमाला मगाशी सांगितलं न्हवं, पट्टा आन मॅट आन चाकाचा खड्डा — ते माझं न्हवं. ते तिच्या फोनमधलं हाय. मी तवा पयल्यांदा ऐकलं.

आन दुकानदार माझ्याकडं बघून हसला. "काय फौजी, तुमच्यापरास फोन हुशार झाला व्हय," आसं म्हणाला. मंग मीबी हसलो. तिला म्हणलं, पोरी, मिलटरीत आमी फोन बघून गाड्या पास केल्या न्हाईत. ठेव त्यो पिशवीत.

ठेवला तिनं. लगीच ठेवला. वर म्हणाली, चुकलं काका.

—न्हाई, पाणी नगं. हाय ठीक. एवढ्यावर थांबलं आसतं तरी मी म्हणलो आसतो, अडाणी हुतो, कळलं न्हाई. पर तसं न्हाई. मी आत बसलो, दार लावून घेतलं. आत अत्तराची बाटली टांगलेली, डोस्कं दुखंल एवढा वास. आन त्येच्या खाली दुसरा वास. पठाणकोटला एकदा पावसानं आमचं गोदाम गळलं हुतं, पिठाची पोती भिजली हुती. वरनं वाळल्यावर पोतं चांगलं दिसतंय, हात लावला तर कोरडं लागतंय, पर लंगरातला माणूस नाक लावूनच सांगतोय — ह्ये भिजलं हुतं. पोतं बाजूला काढा, ह्येची चपाती खाल्ली तर पलटण आजारी पडंल. म्या तवा पोती बाजूला काढलीती. सुभेदारानं पाठ थोपटली हुती. त्यो वास मला त्या गाडीत आला. मला गाडीचं कायबी कळत न्हवतं, पर ह्ये कळलं. लख्ख कळलं, की ही भिजल्याली हाय.

आन म्या भाईर येऊन म्हणलं — चांगली हाय, घे.

का? तुमी इचाराय लागला तर मी काय सांगू. मॅट उचला म्हणलो आसतो तर तिचा फोन खरा झाला आसता. आन वास आला म्हणलो आसतो तर दुकानदार म्हणला आसता, वासावरनं गाडी बघणारा ह्यो कसला ड्रायव्हर. एवढंच हुतं. दुकानदाराकडनं एक रुपया घेतला न्हाई, चहाबी न्हाई. घेतला आसता तर निदान चोर तरी म्हणून घेतलं आसतं. मी फुकट केलं ते.

सात म्हैनं चालली गाडी. रंगूबाई मागच्या शिटावर उशी टाकून झोपून जायची. मला दारातनं हात करायची जाताना. मला वाटाय लागलं, टळलं.

मार्गशीर्षात, गुरवार हुता. नांद्र्याच्या अलीकडं गाडी गपकन बंद पडली. समदंच गेलं. मागनं उसाच्या ट्रॉल्या, पुढनंबी ट्रॉल्या, मधी ह्या दोघी. पल्लवीनं कशीबशी कडंला घेतली, तिच्या मनगटाला त्या वढावढीत जी कळ लागली ती अजून फळ्यावर लिवताना लागती, तुमी बघितलं असंल, ती डाव्या हातानं उजवा हात धरती. काचा खाली येईनात. लोकांनी मागचं दार उघडून म्हातारीला काढलं. दुसरी गाडी मिळंस्तवर तीन तास गेलं. रगात धुवायची आधीची पाळी सर्दीतापानं चुकलीती म्हातारीची, आन हीबी चुकाय नगं म्हणून तर निघाली हुती. छातीत पाणी झालं. दवाखान्यात नऊ दिवस हुती. माघारी आली ती हातरुणातनं उठली न्हाई. पौष सरायच्या आत गेली. डॉक्टर म्हणलं, ताकद आधीच न्हवती, तीन तासांचं काय धरू नका. डॉक्टर चांगला माणूस हाय. मी ते वाक्य रोज म्हणून बघतो. बसत न्हाई ते.

तिरडीला खांदा मी दिला. पुढचा.

अजून हाय सर. हाय अजून. रंगूबाई दवाखान्यात असताना गाडी आमच्या कृष्णातच्या गॅरेजला आणून टाकली हुती. त्येनं मला बलवलं. मॅट उचललं हुतं त्येनं. खाली काळी माती — वाळून भेगाळलेली, नदीकाठची आसती तशी, त्यात गवताच्या काड्या. कृष्णात काय रागानं बोलला न्हाई. म्हणाला, नानासो, तुमी मिलटरीवाले, तुमाला ह्ये कसं दिसलं न्हाई? मी त्येच्या पाया पडलो. माझ्यापरास बारा वरसांनी लहान पोरगा, त्येच्या पाया पडलो. म्हणलं, पोरीला सांगू नगंस. त्यो म्हणाला, मंग काय सांगू? मी म्हणलं, उंदीर म्हण. आन त्येनं ते म्हणायच्या आधी मीच जाऊन तिला सांगितलं. ती माती मी माझ्या हातानं झाडली. ब्रशनं, कोपऱ्याकोपऱ्यातनं. लंगरातली परात घासतोय तशी.

आन पल्लवी काय म्हणाली? म्हणाली, काका, तुमी एवढी बघून दिली, मीच गाडी गोठ्याजवळ लावत हुते, माझ्यामुळं उंदीर शिरलं. — दीड वरीस झालं. ती गाडी गोठ्याजवळ लावली म्हणून स्वतःला खातीया. आन तुमाला माझ्याकडं धाडतीया.

शिव्या द्या हवं तर, तुमचं वय लहान हाय पर मी ऐकून घीन. — न्हाई देणार. मास्तर माणूस.

तिला सांगणार तुमी? उद्या शाळंत गेल्यावर ती इचारंल, आलं का काका. काय सांगणार? न्हाई, तुमी सांगू नका. तुमच्या तोंडनं नगं. गुडघं धरल्यात म्हणून सांगा — न्हाई, तेबी नगं. थांबा.

फोन लावा तिला. तुमच्या फोनवरनं लावा, माझ्यावरनं लावला तर माझं बोट फिरंल. आज रविवार, घरीच असंल. लावा म्हणतो न्हवं. — वाजतोय? आणा हिकडं. आन सर, तुमी कृष्णातला न्या गाडी बघायला, त्यो खरा माणूस हाय. आता भाईर जाऊन हुबं ऱ्हावा जरा. दार वढून घ्या जाताना.

हॅलो. व्हय, पल्लवी, मी काका. पोचलं तुझं सर. न्हाई बाळ, मी जात न्हाई. का म्हंजी — आगं ऐक. हुबी हायस का बसलीयास?

बस आधी.