तात्यांचा अडॅप्टर

तुम्हाला लेथवाल्या तात्यांचं सांगितलं नाही का? माझ्या दुर्बिणीचं माऊंट जुन्या ट्रायपॉडवर बसेना, म्हणून एमआयडीसीत त्यांच्याकडून मधला अडॅप्टर करून घेतला. त्यांचं काम कधी परत येत नाही. तरी म्हणाले, "नीट बसलाय का, मी सोता बघणार."

दिवेलागणीला ते सांगवीच्या आमच्या रानात आले. मी दुर्बीण चंद्राला लावून दिली. बराच वेळ ते डोळा लावून उभे राहिले, मग त्यांचा चेहराच पडला.

"चंद्र सरकतोय रं. माझ्या कामात ढिलाई हाय. दुसरा करून देतो."

"तात्या, अडॅप्टर घट्ट हाय. पृथ्वी फिरतीया, म्हणून चंद्र सरकतोय."

तात्यांनी पायाखालच्या ढेकळांकडं पाहिलं आणि हळूच बांधावर टेकले.

"एवढी मोठी फिरतीया," ते म्हणाले, "आन् जरा बी आवाज न्हाय. कुणी बसवली असंल रं?"