बिशपांचं शेवटचं मागणं

शवपेटी पोचवून सुतार अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा राहिला. पुढे बिशपांची स्वयंपाकीण तिच्या जावेशी बोलत होती.

"पंचविशीत बोटीतून उतरले, तेव्हापासून आपलीच भाषा. मला रागवायचे तेसुद्धा आपल्याच भाषेत!"

"आणि शेवटी?"

"पार विसरले, जाऊबाई. लहानपणीची भाषा तेवढी उरली. रोज संध्याकाळी हात जोडून तेच एक वाक्य. आम्हाला वाटलं, प्रार्थना करतायत."

"मग?"

"आज त्यांच्या देशातून पुतण्या आलाय. त्याला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर तो रडायलाच लागला."

"का गं? काय म्हणत होते?"

"'दिवा मालवू नका, मला भीती वाटते.'"

"अगं बाई! आणि तुम्ही?"

"आम्ही रोज 'आमेन' म्हणायचो आणि दिवा मालवून झोपायला जायचो."