मिस्त्री गेल्याबद्दल तीन दिवस रजा

…नाही, पण मी म्हणतो, एखाद्याचा चेहरा उतरला म्हणजे त्याच्या घरातलं माणूसच गेलं असं धरून चालायचं कशाला? विचारा ना! 'काय हो, काय झालं?' एवढं विचारायला काय जातं? पण नाही! माणसं विचारतात, आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात… आणि मग निस्तरायचं कोणी? मी! तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात रजेसाठी खोटं बोललेलो नाही. दात काढला तेव्हा अर्जाला दात टाचून दिला होता, एवढा मी खरा माणूस! आणि पाळी आली ती माझ्यावर!

मुळात झालं काय… तुम्ही टीव्हीवर 'यान नव्वद' बघता का? नाही? बरं, हरकत नाही, थोडक्यात सांगतो. मी 'थोडक्यात' म्हटलं की आमची ही इस्त्रीचे कपडे काढायला घेते, तिचं जाऊ द्या. तर एक यान आहे. ते अकरा वर्षं चाललंय. कुठे चाललंय ते आतल्यांना माहीत नाही, आणि लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही! त्यात कप्तान आहे, डॉक्टरीणबाई आहेत, एक यंत्रमानव आहे… सगळे एकजात बोलघेवडे. संकट आलं की आधी गोल उभं राहून चर्चा! मागे शत्रू लागलाय, इंधन संपत आलंय, आणि हे आपले 'माणूसपण म्हणजे नक्की काय' यावर बोलतायत! आणि खाली इंजिनात एकटा मिस्त्री. पिकलेली दाढी, कानामागे पेन्सिल, आणि अकरा वर्षांत मिळून त्याला वाक्य एकच. कप्तान वरून ओरडणार, 'मिस्त्री, चार मिनिटांत स्फोट!' आणि मिस्त्री म्हणणार, 'बघतो.' बास! आणि बघायचा हो खरंच!

आता माझा जीव त्याच्यावर का, तर माझं काम ऐका. लिफ्टमध्ये माणूस अडकला आणि त्याने आतलं लाल बटण दाबलं की फोन जिथे वाजतो, तिथे मी बसतो. समोर भिंतीवर कागद चिकटवलाय. एक, घाबरू नका म्हणा. दोन, आत हवा येते म्हणा. तीन, आमचा माणूस निघालाय म्हणा. चार, माणूस पोचेपर्यंत बोलत राहा. बारा वर्षं मी नुसता बोलत राहिलोय! त्यामुळे न बोलता दुरुस्त करणारा कोणी दिसला की मला भरून येतं. यात माझं काय चुकलं?

धोक्याचा वास मला महिनाभर आधीच आला होता. पेपरात टीव्ही-सिनेमाचं पान असतं ना, त्यात फोटो! मिस्त्रीचं काम करणारा नट कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला उभा, आणि दाढी गुळगुळीत! मी ओरडलोच, 'अगं, मिस्त्री जाणार!' ही म्हणाली, 'कुठे?' म्हटलं, 'वर!' तर म्हणते, 'तो अकरा वर्षं वरच आहे ना?' आता या बाईशी काय बोलायचं!

आणि बुधवारी तेच झालं. नवा भाग बुधवारी सकाळी सहाला येतो. मी आणि बाबा पावणेसहालाच मांडी घालून तयार. ही म्हणते 'मला नाही बाई त्यात रस', आणि बरोबर सहाला त्याच खोलीत, टीव्हीकडे तोंड करून इस्त्री करायला उभी राहते. नववा सीझन, पाचवा भाग. यानाची बाहेरची झडप लागत नाहीये, हवा चाललीय भसाभसा, आणि वरचे सगळे सात मिनिटं बोलतायत… सात! मी घड्याळ लावलं होतं. शेवटी मिस्त्री म्हणाला, 'बघतो.' दोरी बांधली, बाहेर गेला, झडप लावली… आणि तट्! दोरी तुटली! चालला हो लांब लांब… एक हात वर केलेला, निरोपाचा की पाना मागत होता, देव जाणे. बाबा म्हणाले, 'गाठ चुकीची मारली होती.' आणि जळकट वास आला. बघतो तर ही टीव्हीकडे बघत थिजलेली, आणि इस्त्री माझ्या शर्टाच्या कॉलरवर!

तर जळकी कॉलर, न केलेली दाढी, लाल डोळे, अशा अवतारात मी कामावर. साडेनवाला फोन वाजला. एक बाई, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये, हातात झाडाची कुंडी. मी सुरू केलं, 'घाबरू नका…' 'आत हवा…' म्हटलं आणि मला मिस्त्रीचा तो हेल्मेटच्या काचेआडचा दाढीवाला चेहरा दिसला. पुढे शब्द फुटेना. बाई म्हणतात, 'हॅलो? हवेचं काय? अहो, हवेचं काय?' 'मी दार ढकलून बघू का?' आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. 'दार उघडू नका, बाई! बाहेर काहीही नाहीये! नुसती पोकळी!'

आता पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये पोकळीच असते! कोणत्याही कारागिराला विचारा! यात माझं काय चुकलं? पण त्या बाईंनी अशी बोंब ठोकली की फोनमधून ती साहेबांच्या केबिनपर्यंत गेली.

साहेब म्हणजे… बारा वर्षांत आमच्यात झालेलं सगळ्यात मोठं संभाषण म्हणजे 'खिडकी लावा'. त्यांनी बोलावलं. म्हणाले, 'बसा.' मी बारा वर्षांत ती खुर्ची पहिल्यांदाच वापरली. त्यांनी कॉलर बघितली, डोळे बघितले. हळूच म्हणाले, 'घरातलं कोणी…?' मी मान हलवली. ती उभी हलवली का आडवी, ते माझं मलाही आठवत नाही, तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं म्हणून हलवली! 'वडील?' मी बोलणार, तेवढ्यात ते उठले, खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, 'माझे मार्चमध्ये गेले. सहाव्या दिवशी मी इथे हजर होतो. रडायला सवडच झाली नाही हो… अजून झालेली नाही.'

आता सांगा! या माणसाला मी काय म्हणू? 'साहेब, माझे वडील ठणठणीत आहेत, आमचा टीव्हीतला मिस्त्री गेलाय'? बारा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माझ्याशी माणसासारखा बोलला होता. खरं सांगितलं असतं तर पुन्हा म्हणून बोलला नसता… माझ्याशीच काय, कोणाशीच. 'तीन दिवस घरी बसा,' म्हणाले, 'माझ्यासारखं करू नका.' त्यांनी स्वतःच अर्ज भरला, स्वतःच मंजूर केला. मी बसमध्ये ठरवलं, सोमवारी सगळं खरं सांगायचं, मग नोकरी राहो नाहीतर जावो. पण नोकरीची नाही हो, त्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

आणि साडेपाचला दाराची घंटा वाजली! साहेब, आणि बरोबर टायपिस्टबाई. भेटायला! हिने दार उघडलं, त्यांना बसवलं आणि आत येऊन मला कोपऱ्यात गाठलं. 'अहो, तुमच्या ऑफिसातले आलेत तोंडं पाडून. कोण गेलंय?'

'बाबा.'

'ते आत घोरतायत!'

'हळू बोल!'

'मी खोटं बोलणार नाही हं, आधीच सांगून ठेवते.'

आणि काय सांगू, ती खरंच एक अक्षर खोटं बोलली नाही! झालं असं होतं, मी दुपारी कपाटावरचं मिस्त्रीचं मोठं चित्र काढून टीव्हीपाशी उभं केलं होतं. म्हटलं, आजचा दिवस राहू दे समोर. आणि हिने इस्त्रीला जागा हवी म्हणून टेबलावरची फुलदाणी उचलून नेमकी त्याच्या शेजारी ठेवली होती. टायपिस्टबाई चित्रासमोर उभ्या. 'हेच का?'

ही म्हणाली, 'हो, हेच.'

'काय तेज आहे हो चेहऱ्यावर! आणि हा पोशाख?'

'कामाचा.'

'काय करायचे?'

'दुरुस्तीचं बघायचे सगळं. हुशार फार. बोलणं कमी.'

'वय काय होतं?'

'ते आता नक्की नाही सांगता यायचं. प्रवास फार वेगाने झाला ना, त्यात वर्षं मागेपुढे व्हायची.'

आणि टायपिस्टबाईंनी समजल्यासारखी मान डोलावली! 'आजारी होते?'

'छे हो, कामावर असताना गेले. दोरी तुटली.'

'अरेरे! आणि… सगळं पार पडलं?'

'कसलं पार पडतंय! सापडलेच नाहीत.'

बाईंनी रुमाल काढला. आणि साहेब? चहाचा कप अर्ध्यावर धरलेला, नजर त्या चित्रावर, डोळ्यांची उघडझाप नाही. मी समजलो. ओळखलं यांनी! इकडे माझ्या पाठीला घाम फुटला, आणि तिकडे आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं.

बाबा बाहेर आले. कानाला मफलर, हातात रिकामा कप. 'काय रे, चहा झाला का? आणि ही मंडळी कोण?'

टायपिस्टबाई म्हणाल्या, 'हे कोण?'

काय सांगणार? म्हटलं, 'वडील.'

'मग… ते?'

आता बाबांना या विषयावर कोणी आपणहून काही विचारलंय असं अकरा वर्षांत घडलेलं नाही. चेहरा असा खुलला त्यांचा! 'हा होय? अहो, हा मिस्त्री! टीव्हीतला! आज सकाळीच गेला, पाचव्या भागात. मी म्हणतो गाठच चुकीची, थांबा, दाखवतो…' आणि मफलर सोडून टायपिस्टबाईंच्या खुर्चीच्या पाठीला बांधायला लागले.

संपलं! मी उभा राहिलो. म्हटलं, 'साहेब, मी खोटं बोललो नाही, पण खरंही…'

साहेबांनी कप खाली ठेवला. 'पाचव्या भागात?'

'अं?'

'पाचव्या भागात गेला मिस्त्री?'

'हो, साहेब.'

'मी चौथ्यावर आहे.'

बाबांच्या हातातली गाठ अर्ध्यावर थांबली. मग साहेब सावकाश बोलायला लागले, आणि बोलत राहिले. ते आणि त्यांचे वडील, दर रविवारी एक भाग, फक्त एक. दुसरा लावलेला वडिलांना खपायचा नाही. हा सीझन आला तेव्हा वडील नव्हते. साहेब एकटे बघतात, वडिलांची खुर्ची शेजारी तशीच ठेवून. 'त्या यानात मिस्त्री सोडून त्यांना कोणी आवडायचं नाही,' म्हणाले. 'रजेचं सोडा हो. त्या लिफ्टमधल्या बाईंचंही मी बघून घेईन. पण हे… हे सांगायला नको होतं.'

अहो, पण सांगितलं कोणी? बाबांनी! दोरीचं बोललं कोण? ही! मी दिवसभरात धड एक वाक्य पूर्ण बोललो नव्हतो! यात माझं काय चुकलं?

पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे खरं. दाराशी साहेब थांबले. बूट घालता घालता म्हणाले, 'असो. रविवारी बघेनच. माहीत असलं म्हणून काय झालं? उलट बरंच. खुर्चीशेजारी बसून एकदा पोटभर रडून घेईन. मिस्त्रीसाठी आणि वडिलांसाठी, दोघांसाठी एकदमच.' आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. तुम्हाला सांगतो, त्या हाताने मी इतका विरघळलो की म्हटलं, या माणसासाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे.

आणि गुरुवारी सकाळी पेपर उघडला… टीव्हीच्या पानावर, अर्धं पान मुलाखत! मिस्त्रीवाल्या नटाची! मी वाचत गेलो आणि उभाच राहिलो. पायात एक माझी चप्पल, एक बाबांची, तसाच निघालो. ही म्हणते, 'अहो, रजा आहे ना तुमची?' म्हटलं, 'रजा गेली खड्ड्यात! त्या माणसाला रात्रभर झोप नसेल!' बसमध्ये उभ्याने तीनदा वाचलं, चूक नको व्हायला. जिना चढलो. ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट आहे, आमच्याच कंपनीची, ती बंद होती. दार न वाजवता केबिनमध्ये घुसलो, पेपर टेबलावर पसरला आणि ओरडलो, 'साहेब! मिस्त्री मेलेला नाही! आठव्या भागात मालवाहू यानाला जिवंत सापडतो! खुद्द त्यानेच सांगितलंय!'

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. डोळे मिटून घेतले. मी वाट बघतोय, आता उठतील, हात हातात घेतील…

म्हणाले, 'म्हणजे आता रविवारी मला रडताही यायचं नाही.'

मग त्यांनी खणातून माझा रजेचा अर्ज काढला. 'तीन दिवस' खोडलं. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शेवटचा, म्हणजे दहावा भाग येईल त्यानंतरच्या सोमवारपर्यंत'. सही केली. शिक्का मारला. कारण मात्र तेच ठेवलं, 'दुखवटा'. आणि म्हणाले, 'जाताना खिडकी लावा.'

तर आता घरी असतो मी. माणूस जिवंत सापडला म्हणून दुखवट्याची रजा वाढवून मिळालेला आमच्या कंपनीतला मी पहिलाच.