शिरीषाच्या ओंडक्याच्या चोरीबाबत

मी, सगळे मला टेलरबाई म्हणतात, वय ६१ वर्षे, धंदा कपडे दुरुस्ती, राहणार पाण्याच्या टाकीमागे, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या धाकट्या दिराची बायको, म्हणजे माझी जाऊ, कुंपणापलीकडे राहते. ती पूर्वी कोर्टात कागदपत्रांच्या नकला करायला होती. आमचे चार वर्षे बोलणे नव्हते. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

गेल्या महिन्यात वाऱ्याने माझ्या अंगणातला शिरीष पडला. फांद्या लोकांनी नेल्या, ओंडका राहिला. नगरपालिकेत चौकशी केली असता, जाळला तर दंड, रस्त्यावर ठेवला तर दंड, परवान्याशिवाय गाडीत घातला तर दंड, आणि त्यांनी उचलायचा तर माझी दोन महिन्यांची कमाई, असे कळले. बेकरीवाल्याला फुकट देऊ केला. तो म्हणाला, "टेलरबाई, लाकडाची भट्टीच बंद करायला लावली मला. आता ओंडका काय डोक्यावर घेऊन नाचू?"

मी पायरीवर बसून होते. जाऊ कुंपणाशी येऊन म्हणाली, "ताई, चोरीचा माल पोलीस स्वतःच्या गाडीने नेतात. त्याला ना फी, ना परवाना."

मी म्हणाले, "पण चोरणार कोण?"

ती पदर खोचून आत आली.

काल सकाळी अकराच्या सुमारास ओंडका माझ्या अंगणातून कुंपणाच्या फाटकातून तिच्या अंगणात गेला. बारा वाजता मी तक्रार दिली. साडेतीनला तो जप्त झाला. चढवायला सहा शिपाई लागले. त्यांना आरोपीने सरबत दिले.

सहा शिपायांचा ओंडका एकट्या बाईने कसा ढकलला, असे विचारले असता, एका बाजूने माझा हात होता, असे सांगते. मध्ये तीन वेळा थांबलो. हसू आवरत नव्हते.

खोटी तक्रार दिल्यास गुन्हा होतो, अशी साहेबांनी समज दिली. दोष सर्वस्वी माझा आहे. आरोपी बाहेर बाकावर बसली आहे, ती दोष तिचा असल्याचे सांगेल. तिचे ऐकू नये.

ओंडका आजच्या आज परत न्या, असे साहेब म्हणाले. मी परवाना मागितला. साहेबांनी माझ्यासमोर नगरपालिकेला फोन लावला. त्यांनाही तोच दर सांगण्यात आला. ओंडका सध्या ठाण्याच्या आवारात, साहेबांच्या खिडकीखाली आहे.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त 'आरोपी' लिहिले आहे तिथे 'माझी जाऊ' करावे.